चालता-बोलता येतं, मग विसरते कशी?



मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस., या आजाराचं नाव घरात पहिल्यांदा येतं ते बहुधा डोळ्याच्या किंवा पायाच्या तक्रारीतून. एका डोळ्यापुढे अचानक धुकं येतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. एमआरआय होतो, डॉक्टर आजाराचं नाव सांगतात, इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू होतात. त्यानंतर सगळ्या घराचं लक्ष पायांवर असतं. चालते ना? जिना चढते ना? मग बरी आहे. याच आजारात लक्षात ठेवण्याची, विचार करण्याची, हिशेब जुळवण्याची ताकदही कमी होऊ शकते, हे फार थोड्या घरांना कुणी सांगितलेलं असतं.

या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका खालांचं चार पानी पत्र आलं. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव सोडून, त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. मुलगा कुवेतला असतो. घरी सून आणि दोन नातवंडं. सुनेला तीन वर्षांपूर्वी एम.एस. असल्याचं निदान झालं. डाव्या डोळ्याची नजर मंद झाली होती, ती औषधांनी परत आली. आता ती चालते-फिरते, वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. पण गॅसवर दूध ठेवून विसरते, शाळेची फी भरायची तारीख चुकवते, एकच गोष्ट तीनदा विचारते, घरात चार पाहुणे बोलायला लागले की गप्प होऊन बसते. नमाजमध्ये किती रकात झाल्या ते आठवत नाही म्हणून मुसल्यावर बसून रडते. मोठ्या नणंदेचं म्हणणं, ‘सगळं नाटक आहे, कामाचा कंटाळा.’ नात्यातल्या एका बुजुर्गांनी तर मुलाला फोनवर सांगितलं, हिला माहेरी पोचव आणि दुसरा विचार कर. खाला लिहितात, मला सुनेवर जुलूम करायचा नाही आणि मुलाचा संसारही मोडायचा नाही. एवढंच सांगा, हा आजार आहे की हलगर्जीपणा?

पत्रावरून निदान करता येत नाही, ते तपासूनच करावं लागतं. पण खालांनी लिहिलेली एकेक गोष्ट एम.एस.मध्ये घडते, नेहमी घडते, आणि तिचं कारण मेंदूत असतं. आळसाशी तिचा संबंध नाही. हे आम्ही आधीच सांगून टाकतो, कारण तिकडे मुलाला फोन जातच असतील.

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. एम.एस.मध्ये ही फौज आपल्याच मेंदूवर, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर हल्ला करते. का करते याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. काही अंशी जनुकं, काही विषाणू, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान अशा अनेक गोष्टींचा हात दिसतो. हल्ल्याचं मुख्य लक्ष्य असतं मायलिन. मायलिन म्हणजे चेतातंतूभोवतीचं चरबीयुक्त आवरण. हे आवरण शाबूत असेल तर जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून तो सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. कोकणातल्या वाचकांना मुंबई–गोवा महामार्गाचं उदाहरण पुरेल. गाडी तीच, चालवणारा तोच, पण रस्ता जागोजागी उखडलेला. पनवेलहून निघालेला माणूस चिपळूणला पोचतो, पण किती वाजता ते अल्लाहलाच माहीत. आणि गाडीत चार माणसं एकाच वेळी वेगवेगळे रस्ते सांगायला लागली तर तो पोचेल की नाही याचीही खात्री नाही.

या आजारात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त घसरतो तो हाच वेग. समोरच्याचं बोलणं ऐकून, त्याचा अर्थ लावून, उत्तर तयार करायला निरोग्या माणसाला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त लागतो. उत्तर बरोबरच असतं, पण ते तयार होईपर्यंत समोरचे लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. पाहुण्यांत गप्प बसण्यामागे बहुधा हे कारण असतं. त्यानंतर क्रम लागतो स्मरणशक्तीचा, आणि त्यातही एक बारकावा आहे. जुन्या गोष्टी सहसा शाबूत असतात. लग्नात कुणी काय आहेर दिला ते ती सांगेल. नवी गोष्ट मात्र नीट आत जातच नाही. सकाळी सांगितलेलं काम संध्याकाळी आठवत नाही, कारण सकाळी टीव्ही चालू होता, मूल ओढत होतं, आणि ते वाक्य मनात पुरतं उतरलंच नव्हतं. तिसरी अडचण येते कामांची आखणी करण्यात. एका शेगडीवर सालन, दुसरीवर भात, मध्येच दारावर माणूस, मध्येच फोन. स्वयंपाकघर म्हणजे मेंदूची केवढी कसरत असते हे ती कसरत जमेनाशी झाली की कळतं. शब्द जिभेवर येऊन अडकणं हीसुद्धा नेहमीची तक्रार आहे.

भाषेची समज, माणसांची ओळख, बरं-वाईट कळणं हे बहुतेकांत टिकून राहतं. वृद्धांना होणाऱ्या अल्झायमरसारखा हा प्रकार नाही. सगळं पुसलं जाण्याइतकी घसरण एम.एस.मध्ये थोड्यांनाच होते. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज फेकलं जातं. ते या बाईबद्दल वापरू नये. ते चुकीचं आहे, आणि तिला ते ऐकू येतं.

ही बाब नवी शोधली गेली असंही नाही. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या जाँ-मार्ताँ शार्को यांनी १८६८ च्या सुमारास या आजाराचं पहिलं नीटस वर्णन केलं, तेव्हाच रुग्णांची स्मरणशक्ती दुबळी होते आणि विचार संथ होतात हे नोंदवून ठेवलं होतं. पुढे शंभर वर्षं डॉक्टरांचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. आजार किती वाढला हे मोजण्यासाठी आजही जो मापदंड वापरतात तो जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडला. शून्यापासून दहापर्यंतची ती पट्टी आहे, आणि चारच्या पुढे ती मुख्यत्वे किती अंतर चालता येतं यावरच चढते. म्हणजे जी बाई अर्धा किलोमीटर सहज चालते तिचा आकडा छोटा येतो, मग घरात तिचं काहीही होवो. घरची माणसं जी चूक करतात तीच मोठमोठ्या दवाखान्यांतही झाली, असं आम्हाला वाटतं.

१९९१ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या स्टीफन राओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. फक्त रुग्णालयात पडून असलेले गंभीर रुग्ण न घेता त्यांनी आपापल्या घरी राहणारे एम.एस.चे शंभर रुग्ण घेतले, तेवढीच निरोगी माणसं घेतली, आणि दोघांच्या स्मरणाच्या, लक्ष देण्याच्या, विचारांच्या चाचण्या घेतल्या. रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांत खरी घसरण निघाली. त्यानंतरच्या वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान येतो. राओ यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची ही ताकद घटली होती ते नोकरीत कमी टिकत होते, लोकांत कमी मिसळत होते आणि घरकामात त्यांना जास्त मदत लागत होती. त्यांच्यात आणि बाकीच्या रुग्णांत शारीरिक अपंगत्वाचा फरक मात्र नव्हता. पाय ठीक असताना स्मरण घसरू शकतं, आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तल्लख असू शकतो. अगदी पहिल्या झटक्याच्या वेळीही काहींमध्ये ही घसरण सापडते. नणंदबाईंच्या ‘चालता येतं, मग विसरते कशी’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आपल्या देशात हा आजार युरोपच्या मानाने कमी आहे, म्हणून तो ओळखणारेही कमी. तो सहसा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक होतो. म्हणजे नेमका लग्न, बाळंतपण आणि लहान मुलांचा काळ. तो संसर्गाने पसरत नाही. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते. ‘पोरांनाही होईल’ ही भीती दाखवून कुणी नातं तोडायला सांगत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

आता खालांनी काय करावं?

पहिलं काम असं की विसरण्याचा सगळा दोष मेंदूतल्या जखमांवर टाकून मोकळं होऊ नये. त्यावर आणखी चार गोष्टींचं ओझं असतं, आणि त्यातली बरीचशी उतरवता येतात. एम.एस.चा थकवा आपल्या नेहमीच्या थकव्यासारखा नसतो. झोपून उठल्यावरही तो असतो, आणि दुपारनंतर तर डोकं चालतच नाही. मनाची उदासी ही दुसरी. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांना आयुष्यात केव्हातरी नैराश्य येतं. ते ईमान कमजोर असल्यामुळे येत नाही, आणि त्यावर औषध आहे. झोप नीट होत नसेल, रात्री लघवीला चार वेळा उठावं लागत असेल, तर दुसऱ्या दिवशी काय लक्षात राहणार? लघवीची घाई रोखणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी काही औषधं स्वतःच स्मरण मंद करतात. ती मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना जरूर विचारावं, दुसरा पर्याय देता येतो. रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यावं. आपल्याकडच्या बायकांमध्ये यातलं काहीतरी कमी निघतंच.

शिवाय उष्णता. अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडखळतो. १८९० मध्ये जर्मनीतल्या उहथॉफ यांनी हे टिपलं होतं. ताप, कडक ऊन, फार गरम पाण्याची आंघोळ, मे महिन्यातलं बंद स्वयंपाकघर यामुळे नजर, पाय आणि डोकं तिन्ही काही वेळ मंद होतात, आणि अंग थंड झालं की पूर्ववत होतात. स्वयंपाक सकाळी लवकर उरकणं आणि चुलीजवळ पंख्याची सोय करणं हे या आजारात औषधाइतकंच गरजेचं आहे. दोन-चार दिवसांत अचानक जास्तच गोंधळल्यासारखी वाटली तर लघवीचा संसर्ग तर नाही ना हे पाहावं. ताप नसतानाही तो असू शकतो. तसं काही न निघाल्यास न्यूरॉलॉजिस्टला लगेच कळवावं. आजाराचा नवा झटका कधीकधी फक्त स्मरणातूनच दिसतो.

दुसरं काम म्हणजे चाचणी. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारा की स्मरणाची आणि वेगाची तपासणी करता का. जगभर यासाठी जी चाचणी सगळ्यात जास्त वापरतात तिला एसडीएमटी म्हणतात. कागदावर वरच्या बाजूला नऊ चिन्हं असतात आणि प्रत्येकाखाली एक ते नऊपैकी एक आकडा. खाली ओळींमागून ओळी नुसत्या चिन्हांच्या. वर बघून प्रत्येक चिन्हाचा आकडा सांगायचा. वेळ दीड मिनिट. तेवढ्यात किती बरोबर आले ते मोजतात. ना एमआरआय, ना सुई, ना मोठा खर्च. इंग्रजी लागत नाही, आकडे ओळखता आले की झालं. अर्थात फार कमी शिकलेल्या माणसाचे गुण तसेही कमी येतात, म्हणून पहिल्या वेळच्या आकड्यापेक्षा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना अधिक मोलाची. त्याच बाईच्या आधीच्या गुणांपेक्षा चार किंवा जास्त गुण घसरले तर ती दखल घेण्याजोगी घसरण मानतात. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी शिफारस केली की एम.एस.च्या प्रत्येक रुग्णाची अशी तपासणी निदानानंतर एकदा आणि पुढे दरवर्षी व्हावी. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत ती आपणहून होईल अशी आशा धरू नये. मागावी लागते.

औषधाचं म्हणाल तर खरं सांगणं भाग आहे. या घसरणीवर खास असं मंजूर औषध आजवर नाही. अल्झायमरमध्ये देतात ते डोनेपेझिल एम.एस.च्या रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं. २०११ मध्ये १२० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, त्यात फायदा दिसला नाही. मग बाजारातली स्मरणशक्तीची सिरपं आणि माजून काय करणार? बदाम खावेत, बदाम चांगले असतात, पण हजार रुपयांच्या बाटलीवर पैसे घालवू नयेत. मूळ आजाराला आवर घालणारी औषधं मात्र चुकवायची नाहीत. नव्या जखमा जितक्या कमी, तितकी पुढची घसरण कमी. ‘आता बरी दिसते’ म्हणून औषध बंद केलेली घरं आमच्या माहितीत आहेत. तसं करू नये. दुआ करा, पाणी दम करून प्या, त्याला आमची हरकत नाही. पण ‘असर’ उतरवायला म्हणून औषध थांबवायला सांगणारा माणूस दारात उभा करू नका. इलाज करा ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचीच शिकवण आहे.

औषध नसलं तरी शिकण्याची पद्धत बदलून बराच फरक पडतो, आणि ही पद्धत आपल्या मदरशांना कुणी शिकवायला नको. हिफ्ज करणारं मूल रोजचा नवा सबक पाठ करतं आणि जोडीला आमोख्ता, म्हणजे मागचं, उस्तादांना न बघता म्हणून दाखवतं. आज, उद्या, आठवड्याने, महिन्याने. कुराण शरीफ उघडं ठेवून शंभरदा वाचणारा हाफिज होत नाही. मिटवून म्हणून दाखवणारा होतो. एम.एस.च्या रुग्णांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेलं काम हेच सांगतं. पुन्हा पुन्हा ऐकवण्यापेक्षा स्वतः आठवून सांगायला लावलं तर जास्त टिकतं. एका दमात रटण्यापेक्षा मध्ये वेळ सोडून उजळणी केली तर जास्त टिकतं. आणि दुसऱ्याने तयार उत्तर देण्यापेक्षा माणसाने ते स्वतः शोधलं असेल तर तेही जास्त टिकतं. लक्षात ठेवायच्या गोष्टींची मनात एक छोटी गोष्ट रचणं, चित्र उभं करणं, यानेही नवं शिकणं सुधारतं हे तिकडच्या पुनर्वसन केंद्रांनी दाखवलं आहे.

घरात हे असं करता येईल. ‘गुरुवारी फी भरायची, विसरू नकोस’ असं पाच वेळा बजावू नका. टीव्ही बंद करा, एकदा सांगा, आणि विचारा, ‘बेटा, गुरुवारी काय करायचंय?’ तिने तिच्या शब्दांत सांगू द्या. जेवणानंतर पुन्हा एकदा सहज विचारा. परीक्षा घेतल्यासारखं नव्हे, सासूने सुनेला विचारावं तसं. भिंतीवर मोठं कॅलेंडर असावं आणि त्यावर तिच्याच हाताने लिहिलेलं असावं. मोबाइलचा गजर दुधासाठी, औषधासाठी, मुलांच्या बसच्या वेळेसाठी. मेंदू ज्यांचा धड आहे असे लोकही गजर लावतात, त्यात लाज कसली? किल्ल्या, चष्मा आणि औषधांची डबी यांची जागा ठरलेली, ती कुणीही बदलायची नाही. आमच्या मते याच गोष्टीत घरं सगळ्यात जास्त चुकतात. आवराआवर करताना मदत म्हणून डबी दुसरीकडे ठेवतात आणि मग तिला शोधायला लावतात. हिशेबाचं, कागदपत्रांचं काम सकाळी, थकवा येण्याआधी. एका वेळी एकच माणूस बोलेल. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, मगच पुढे बोला. नातवंडांना हा खेळ फार पटकन जमतो, मोठ्यांना वेळ लागतो.

सगळी कामं तिच्या हातून काढून घेणं हाही उपाय नाही. वाचन, नवी माणसं, नवं शिकणं, रोजचं चालणं या गोष्टी मेंदूला आधार देतात. ज्यांचं शिक्षण आणि वाचन जास्त असतं त्यांच्यात तेवढ्याच जखमा असूनही घसरण कमी दिसते. तिला शिवण येत असेल तर शिवू द्या, मुलांना सिपारा शिकवत असेल तर शिकवू द्या.

नमाजचं पत्रात आलं आहे म्हणून लिहितो. रकातीत शंका येणं ही इतकी जुनी आणि इतकी माणसाची गोष्ट आहे की शरीअतने त्यासाठी सजदा-ए-सहव ठेवला आहे. ज्याला वारंवार शंका येते त्याच्यासाठी फिकहमध्ये वाट आखून दिलेली आहे. कोकणातली बहुतेक घरं शाफई. तिथे खात्रीची, म्हणजे कमी असलेली संख्या धरून नमाज पुरी करायची आणि सलामाआधी सजदा-ए-सहव करायचा. घाटावरच्या हनफी घरांत मनाचा कल ज्या संख्येकडे जास्त तीच धरतात, कलच नसेल तर कमी धरतात, आणि सजदा-ए-सहव एक सलाम फिरवून करतात. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत, पण विचारताना ‘मला विसरायला होतं’ एवढंच न सांगता आजाराचं नाव सांगावं. घरात जमात होत असेल तर मागे उभं राहावं, मोजण्याचा भार इमामावर. उभं राहून थकवा येत असेल तर बसून पढायची इजाजत आहेच. मुसल्यावर रडत बसण्याचं कारण उरत नाही.

रोज्यांचंही तसंच. सूरह बकरहमध्ये बीमाराला दुसऱ्या दिवसांत रोजे पुरे करण्याची सवलत स्पष्ट आहे, आणि जो कधीच ठेवू शकणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. इराणात इस्फहानकडे हा आजार बराच आढळतो. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा सौम्य आजार असलेल्यांत रमजानच्या रोज्यांनी थोड्या काळात झटके वाढल्याचं दिसलं नव्हतं. याचा अर्थ सगळ्यांनी ठेवावेत असा नाही. झटका आलेला असताना, स्टेरॉइड चालू असताना, किंवा रोजा ठेवल्यावर दुपारी तोलच जात असेल तर ठेवू नयेत. निर्णय रमजानच्या आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि आलिम दोघांना विचारून व्हावा. शेजारणीला विचारून नव्हे. आणि रोज्यात विसरून घोटभर पाणी प्यायली तर रोजा तुटत नाही, हेही तिला कुणीतरी प्रेमाने सांगा. हा मसला सगळ्यांना पाठ असतो, पण ज्याला गरज असते त्याला ऐनवेळी आठवत नाही.

राहिला त्या बुजुर्गांचा सल्ला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मेंदूची गाठ, कर्करोग आणि एम.एस. असलेल्या ५१५ विवाहित रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आजारी बायको होती तिथे सुमारे २१ टक्के जोडपी वेगळी झाली. आजारी नवरा होता तिथे सुमारे तीन टक्के. हे त्या देशाचे आकडे. आपल्याकडे कुणी असे मोजले तर काय निघेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या नात्यातली घरं आठवून करावा. निकाहच्या वेळी बायकोचा नान-नफका आणि तिच्याशी भलेपणाने वागणं नवऱ्याने कबूल केलेलं असतं, त्यात ती आजारी पडेपर्यंत अशी अट कुठेही नसते. आणि दुसरा विचार सुचवणाऱ्या बुजुर्गांना खालांनी नम्रपणे एक प्रश्न विचारावा, हाच आजार मुलाला झाला असता तर तुम्ही सुनेला फोन करून काय सांगितलं असतं?

मुलाशी मात्र खालांनी स्वतः बोलावं. परदेशात बसलेल्या माणसाला फोनवर दोनच गोष्टी ऐकू येतात, बायकोचं थांबत-थांबत बोलणं आणि बहिणीच्या तक्रारी. थांबून बोलण्याचा अर्थ त्याला नाराजी वाटू शकतो. पैशाचं, तारखांचं काय असेल ते त्याने मेसेज लिहून पाठवावं, ती सवडीने वाचेल. आणि फोन तिच्या सकाळच्या वेळेत करावा. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे त्याच्या फज्रनंतरची वेळ सोयीची पडेल.

सरकारी बाजूची एक माहिती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एम.एस.चं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. अर्ज ऑनलाइन होतो. तपासणीला जाताना एमआरआयचे अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी तर न्यावीच, पण एसडीएमटीसारख्या चाचणीचा लेखी निकाल असेल तर तोही फाइलला लावावा. चालणारी बाई समोर आली की तिथेही पहिली नजर पायांकडेच जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था १९८५ पासून काम करते. तिच्या मुंबई आणि पुण्याच्या शाखांत हाच आजार असलेल्या बायका भेटतात, आणि माहिती फोनवरही विचारता येते. फोन करताना सून शेजारी बसलेली असावी आणि बोलणं तिने करावं. खालांनी फक्त तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून घेतली तरी चालेल.